कुलपाची खूण आणि आक्काचं नाव

दुसऱ्याचं काम आपल्या नावावर लावायला त्याच्या मरणापर्यंत तरी थांबावं की नाही, सांगाल? माझ्या शैलाआक्काच्या साहेबाला तेवढाही दम निघाला नाही.

आक्का ही वडगावच्या माझ्या आत्याची मुलगी. पाच आठवड्यांपूर्वी गेली. आत्याचा फोन आला तेव्हा मी निपाणीत पत्रकांचे गठ्ठे बांधत होतो. आमच्या घरात राग आला की पत्रक निघतं. आक्का चिडवायची, "तुझ्या पत्रकात उद्गारचिन्हं लई, रं. पुरावा कुठाय?" तिचं कामच पुराव्याचं होतं; ती एका कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालतात. त्यांची मेमरी यंत्राच्या मालकालाही वाचता येऊ नये म्हणून ती कुलूपबंद करतात. मेमरीतल्या प्रत्येक पानाला, म्हणजे तुकड्याला, बिटांत, म्हणजे शून्य-एकांत, लिहिलेला पत्ता असतो, आणि त्यातलाच एक बिट 'हे पान कुलूपबंद' एवढं सांगायला राखलेला असतो. गल्लीत मात्र 'शैला पत्त्यांचं काम करती' एवढंच पोचलं होतं. बायका कानडी पत्त्यांची पाकिटं घेऊन यायच्या, आणि ही वाचूनही द्यायची!

काही आभासी संगणक सुरू होतानाच कोसळत होते. आक्का दोन महिने कारण शोधत होती. एकदा तिला जेवायला वाढताना आत्यानं विचारलं, "पत्ता चुकतोय म्हंतीस… कुलूप लावलं म्हणून घर नंबर बदलतोय व्हय गं?" आक्का ताटावरून उठली. प्रोग्रॅम कुलपाची खूण पत्त्यातच मोजत होता आणि नसलेल्या घराचं दार वाजवत होता. खूण बाजूला काढायची, उरलेले बिट तेवढेच पत्त्याचे धरायचे. दुरुस्ती दहा-बारा ओळींची. खाली तिनं लिहिलं : शोध शैलाचा, शंका आईची.

साहेब म्हणाला, "अशी अडचण ग्राहकाकडे येतच नाही." दुरुस्ती पडून राहिली. आक्काचं डायलिसिस सुरू झालं आणि अडचण ग्राहकाकडे आली. मग तीच दुरुस्ती, ओळ न् ओळ, साहेबाच्या नावानं इंटरनेटवर जगाला खुली झाली. दवाखान्यात मी म्हणालो, "पत्रक काढतो." ती म्हणाली, "नाव मिरवायला नको रं. उद्या त्यात काय चुकलं तर लोकं इचारणार कुणाला? त्याला ते कळलेलंच न्हाय." तिनं कंपनीला तक्रार लिहिली. उत्तर आलं नाही. ती गेली… उत्तर अजूनही नाही.

परवा आत्यानं आक्काच्या खोलीत मला लॅपटॉप उघडून ती जाहीर झालेली दुरुस्ती दाखवायला लावली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण मुलीचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते तिला पाठ आहे. स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवत ती म्हणाली, "ह्यात माझी शैला कुठं हाय?" मग एकाच नावाशी थांबली. "आणि ह्यो कोण?"

तुमच्या घरात या धंद्यातलं कुणी असेल, तर आज त्याला ताट वाढण्याआधी विचारा : तुझ्या नावानं गेलेलं शेवटचं काम कुणी केलं होतं? दुसऱ्याचं असेल, तर ते नाव तिथं त्याला लिहायला लावा. तो दुसरा माणूस जिवंत आहे तोवर.