टॅरँटुलाचा उपास

मला असा प्राणी हवा होता, ज्याला माझी गरज नसेल. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला कंपनीने परदेशी पाठवायचं ठरवलं, आणि आता आपल्या टॅरँटुलाचं, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याच्या मादीचं, काय करायचं हा प्रश्न त्याने जेवणाच्या सुट्टीत मांडला, तेव्हा टेबलावरचे सगळे एकदम आपापल्या डब्यांत बघायला लागले. मी विचारलं, "तिला काय काय लागतं?" तो म्हणाला, "आठवड्याला एखादा रातकिडा आणि झाकणभर पाणी. हात लावायचा नाही, लाड करायचे नाहीत. तुम्ही कोण हे तिला कळतही नाही." हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिथल्या तिथे हो म्हणून बसले.

बरं वाटण्याचं कारण घरी होतं. आई गेल्यावर बाबांना मी अमरावतीकडच्या गावाहून धायरीतल्या माझ्या फ्लॅटवर आणलं होतं. तहसील कचेरीत जन्मभर कारकुनी केलेला माणूस. वेळेवर जेवणारा, वेळेवर निजणारा. इथे आल्यावर सकाळची बुद्धवंदना तेवढी वेळेवर राहिली, जेवण मात्र हळूहळू सुटलं. आधी भाकरी अर्धी झाली, मग चतकोर, मग ताटात नुसती बोटं फिरायला लागली. तपासण्या केल्या. सगळे रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगले आले. डॉक्टर म्हणाले, "वय झालंय. थोडं थोडं देत राहा."

देत राहा म्हणायला काय जातं? आठवड्यातले बहुतेक दिवस माझं काम घरूनच असायचं. सकाळी लॉगिनच्या आधी उपमा, मीटिंग चालू असताना माइक बंद करून "बाबा, दोन घास तरी", संध्याकाळी वांग्याचं भरीत, नाहीतर झुणका, नाहीतर मुगवड्यांचं कालवण. सगळ्याला एकच उत्तर यायचं, "ठेव, खातो मंग." तो मंग कधी उगवायचा नाही. त्यांचे सदरे खांद्यावरून उतरायला लागले होते. आई मी लांब असताना गेली. बाबा माझ्या डोळ्यांदेखत जाणार, आणि माझ्याच घरातून उपाशी जाणार, ही भीती दिवसभर माझ्या मानगुटीवर असायची. भीतीनेसुद्धा हातपाय दुखतात. त्या दिवसांत मी स्वतः ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवत होते, बहुतेक वेळा त्यांच्या ताटात उरलेलं.

टॅरँटुला काचेच्या पेटीतून आली. तळाला नारळाचा भुसा, एका कोपऱ्यात आडवी ठेवलेली फुटकी कुंडी, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याचं झाकण. ती तळहाताएवढी, तपकिरी, पाठीवरच्या केसांना उजेडात किंचित गुलाबी झाक. जात दक्षिण अमेरिकेतली, पण जन्म कुठल्याशा पाळणाऱ्याच्या घरचा. मला वाटलं होतं बाबा पाहून ओरडतील. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पेटीत पाहिलं आणि विचारलं, "चावते का व हे?"

"चावू शकते," मी म्हटलं.

"मंग बरं हाये. कोणी मांगं लागत नसन तिच्या."

हा टोमणा मला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

थंडीचे दिवस होते. पेटीतली ऊब मोजायला एखादं छोटं यंत्र हवं म्हणून मी बुधवार पेठेत गेले. दुकानदाराने कशासाठी म्हणून विचारलं, मी खरं ते सांगितलं. त्याने मान वर न करता यंत्र पुढे सरकवलं आणि म्हणाला, "कोळी पाळलाय? आमच्या माळ्यावर भरपूर आहेत, जाताना घेऊन जा. त्यांना यंत्र लागत नाही." एरवी मी हसले असते. त्या दिवशी उभ्या उभ्या डोळे मिटत होते, यंत्र घेऊन निघाले.

पहिले काही आठवडे सुखाचे गेले. तिने पहिला रातकिडा असा झडप घालून धरला की मी चक्क टाळी वाजवली. आमच्या घरात कुणीतरी जेवत होतं! रातकिड्यांचा डबा मी गॅलरीत ठेवला होता. आत अंड्यांचे कागदी ट्रे आणि गाजराचे तुकडे. गाजर तासाभरात फस्त. घरात मनापासून जेवणारे तेवढेच. अंधार पडला की ते किरकिरायला लागत आणि बाबा खाटेवरून म्हणत, "गावात निजल्यावानी वाटते."

मग तिनेही जेवण सोडलं. रातकिडा समोरून गेला तरी हलायची नाही. अंगावर चढला तर पाय झटकून पाठ फिरवायची. रंग मळल्यासारखा झाला, पोटावरचा केस झडलेला भाग काळपट दिसायला लागला. मी सहकाऱ्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं की या जातीच्या माद्या महिनोन्महिने उपाशी राहतात, काळजी करू नका, पाणी भरत राहा आणि खाल्ला नाही तर किडा दुसऱ्या दिवशी बाहेर काढा. मी ते वाचलं, आणि आणखी दोन रातकिडे आत सोडले. माझा नाइलाज होता. ज्या घरात मी वाढले तिथे पाहुणा 'पुरे' म्हणाला की वाढायला सुरुवात होते. ताटावर आडवा हात धरला तर हाताच्या फटीतून वाढणारी माणसं आम्ही. ती खाईना म्हणून मी एक किडा काढून त्याहून लहान टाकला, मग लठ्ठ टाकला, मग चिमट्याने धरून तिच्या तोंडाशी नेला. तिने मागचे पाय पोटावर घासून केस उडवले आणि माझा हात दोन दिवस खाजत राहिला.

बाबा खाटेवरून सगळं पाहत होते. "भूक लागन तवा खाईन ते," ते म्हणाले. "काऊन तिच्या मांगं लागली?"

"तुम्ही आधी ताटातलं संपवा," मी ओरडले. हो, ओरडलेच. माझ्याने आता गोड बोलवत नव्हतं.

एका रविवारी दुपारी मी भाकऱ्या थापत होते, तेवढ्यात त्यांची हाक आली. "पाह्य व, उलटी पडली."

ती पाठीवर पडली होती. आठही पाय वर, अर्धवट मुडपलेले. आणि तिच्या भोवती माझेच सोडलेले चार रातकिडे फिरत होते. माझ्या हाताला पीठ तसंच होतं. मी पेटीपुढे फतकल मारून बसले आणि मला वाटलं, संपलं. जिला माझी गरज नव्हती तिलासुद्धा मी जगवू शकले नाही, मग बाबांचं काय होणार? पिठाच्याच बोटांनी फोटो काढून पाठवला.

तिकडून लगेच उत्तर आलं. "मेली नाही! मेलेली पालथी असते, पाय पोटाशी घेऊन. ही कात टाकतेय. किडे आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. ती आता मऊ असते, ते तिला जिवंत कुरतडतील."

मी झाकण उघडलं. चिमटा आत घातला. बाबा उठून आले, न सांगता त्यांनी मोबाइलची बॅटरी लावून धरली. पहिला सापडला, दुसरा सापडला. तिसरा तिच्या पायाशीच होता. तो तिला धक्का न लावता हळूच उचलला. चौथा कुठेच दिसेना. "कुंडीखाली," बाबा पुटपुटले. काढला तोही. झाकण लावलं आणि आम्ही दोघं तिथेच जमिनीवर बसून राहिलो.

कात टाकणं फार सावकाश चालतं. पाठीचं टरफल डबीच्या झाकणासारखं उघडलं आणि मग ओल्या मोज्यातून पाय ओढून काढावा तशी ती एकेक पाय काढत होती. थोडं ओढायची, थांबायची. तिला मदत करता येत नव्हती. नुसतं बसायचं होतं, आणि तेवढंच मला जमत नव्हतं.

बाबा पेटीकडे बघत म्हणाले, "तुह्या मायले म्या असंच केलं."

मी त्यांच्याकडे वळले.

"शेवटच्या महिन्यात. पेज, मोसंबीचा रस, काई न् काई. ते म्हणे पुरे. म्या म्हणो, एक घास माह्यासाठी. तं माह्यासाठी खाये बिचारी, अन् मंग रातभर पोट धरून बसे. उपाशी हाये म्हणून नोयती मरून रायली ते. मरून रायली होती म्हणून उपाशी होती. हे मले नाई समजलं."

"बाबा, असं बोलू नका."

"मी काई आताच मरत नाई. भूक कमी झाली अन् करमत नाई, एवढंच. पण तू माह्या ताटाकडे पाह्यनं सोड, माय. तू पाह्यलं का घासच उतरत नाई."

मला आधी रागच आला. इतके दिवस मी ऊर फुटेस्तोवर राबतेय, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? तसं विचारलंही. ते म्हणाले, "तू थकून रायते. इतकं रांधते. कसं सांगू?"

भाकऱ्या गार झाल्या होत्या. मी टोपली, भरताचं पातेलं आणि दोन ताटं तिथेच पेटीपाशी आणून ठेवली. त्यांना वाढलं नाही. मीही बसले आणि स्वतःच्या ताटात अर्धी भाकरी घेतली. बाबांनी माझ्या ताटाकडे पाहिलं.

"एवढंच?"

"बस आहे."

"घे व." त्यांनी टोपलीतून अख्खी भाकरी उचलून माझ्या ताटात टाकली. मी आडवा हात धरला. त्यांनी हाताच्या फटीतून भरीत वाढलं. "पुरे, बाबा." "पुरे काय पुरे! इतक्या दिवसांत कोणी वाढलंच नाई तुले."

खरं होतं ते. मी जेवायला लागले. तोंडात घास होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते थांबवायचा मी प्रयत्नही केला नाही. भाकरी संपली तशी त्यांनी दुसरी टाकली, मी तीही खाल्ली. पेटीत ती कातेशेजारी नव्या अंगाने निपचित पडली होती. काचेवर माझ्या बोटांचं पीठ वाळलं होतं. त्या दुपारी बाबा किती जेवले, मला सांगता येणार नाही. मी पाहिलंच नाही.