ताम्हणाचा सत्कार

नळीकाका झाडांना अहो-जाहो करत. रोज सकाळी बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर ते वाकून पांढऱ्या पाइपावर टिचकी मारत आणि आत तोंड घालून विचारत, "काय म्हणता? झोप झाली का?" माणसांची एवढी चौकशी त्यांनी कधी केली नाही. मी सेक्रेटरी झाले तेव्हा म्हणाले, "बरं झालं. आता तक्रार कुणाकडे करायची ते कळलं."

नारायण पेठेत त्यांचं पाइपांचं दुकान होतं. ते बंद करून, उरलेले पाइप घेऊन काका आमच्याकडे राहायला आले. जगातल्या बहुतेक अडचणींवर पाइप हाच उपाय, असं त्यांचं ठाम मत. छत्री पाइपात ठेवत, मंडईतून कोथिंबीरही पाइपात घालून आणत. त्यामुळे फुटपाथच्या कडेला त्यांनी सात रोपं लावली आणि प्रत्येकाभोवती कमरेएवढी नळी उभी केली, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. उभी चिरलेली, हवेसाठी भोकं पाडलेली, सुतळीने बांधलेली. "शेळ्या, स्कूटर आणि सभासद, तिघांपासून संरक्षण," असं ते सांगत.

तरी सहा रोपं गेलीच. एका नळीत लोक चहाचे कप टाकत. दुसरीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकू श्रद्धेने दूध ओतत. तिसरीत कुरियरवाला पाकिटं टाकून जाई. त्यात माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका निघाली, लग्नानंतर. रोप गेलं की काका त्या दिवशी दाढी करत नसत आणि कुणाशी बोलत नसत. उरलं फक्त एक ताम्हणाचं. तीन वर्षांत ते नळीबाहेर डोकं काढून माझ्या उंचीचं झालं. आता नळी काढा, असं सगळे म्हणू लागले. काका म्हणत, "अजून नाही." का, ते सांगत नसत.

काकांना पंचाहत्तरावं लागलं, आणि आमच्याकडे पंचाहत्तरीच्या माणसाला सत्काराशिवाय सोडत नाहीत. काकांनी शाल नाकारली. "मी काय केलं? वय आपोआप होतं. करायचाच तर झाडाचा करा." हा टोमणा होता. कमिटीने तो सूचना म्हणून घेतला आणि एकमताने मंजूर केला. इतिवृत्त मीच लिहिलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ताम्हणाचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ आणि नळीचं अनावरण. अनावरणाचं मात्र काकांना सांगितलं नव्हतं. त्यांना आनंद होईल, अशी माझीच कल्पना. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, स्पीकरवर सनई लावली आणि मी कात्रीने सुतळी कापली. काका "थांबा!" म्हणून ओरडले होते, हे मला नंतर कळलं. नळी निघाली. ताम्हण क्षणभर उभं राहिलं, मग सावकाश वाकलं आणि त्याने चेअरमनसाहेबांच्या बुटांवर शेंडा टेकवला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नंतर! आधी धरा त्यांना!" काका चप्पल टाकून धावले. चेअरमनसाहेबांनी झाड उचलून धरलं आणि दुसरं काही न सुचल्याने भाषण सुरू केलं. सुट्टीमुळे बांबू कुठे मिळेना. मग अकरा वाजेपर्यंत एकेका फ्लॅटने पाळीपाळीने ताम्हण धरलं. शेवटी दुधाच्या काकूंनी आपली कपडे वाळत घालायची काठी दिली.

मी रडवेली होऊन माफी मागायला गेले. काका जुन्या साडीच्या पट्ट्यांनी ताम्हण काठीला बांधत होते. "तुमची एकटीची चूक नाही," ते म्हणाले. "नळी मागच्याच वर्षी काढायला हवी होती. वारा लागला नाही तर खोड जाड होत नाही, हे मला ठाऊक होतं. पण सहा गेली होती ना. भीती वाटली हो." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बघत काय बसलात? सैल बांधा. हलू द्या."

पुढच्या वर्षी काका मुलीकडे नागपूरला गेले. जाताना मला काही म्हणाले नाहीत, ताम्हणाला मात्र "येतो" म्हणाले. दर रविवारी त्यांचा फोन येई आणि पहिला प्रश्न एकच, "हलतंय का?" नंतर आवाज खोल गेला, फोन हॉस्पिटलमधून येऊ लागले. एकदा म्हणाले, "आता काठी काढा." मी म्हटलं, "काढली." काढली नव्हती. मला धीर होत नव्हता.

"मग? उभे आहेत का?"

"उभे आहेत."

"छान," असं काका म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला आणि तोही खोटं बोलून मिळवला.

चार दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. तो ठेवला, कात्री घेतली, खाली गेले आणि एकेक पट्टी कापून काठी उपटली. मग ताम्हणाच्या दोन्ही बाजूंना हात पसरून उभी राहिले. स्कूटरवरून जाणारे एक गृहस्थ थांबले. "काय हो, पळून जाणार आहे का ते?"

वारा आला. ताम्हण डावीकडे झुकलं, माझ्या तळहाताला लागलं आणि आपणहून सरळ झालं.

"नाही," मी म्हटलं, आणि हात खाली घेतले.