शुक्रवारची अंडी

नोरीन ट्रेलोर प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालते. बारीक अक्षरात, जाड टोकाकडे, कवचावर दाब न देता. ही सवय मूळची तिच्या नवऱ्याची, क्लॅरीची. क्लॅरी शिशाच्या भट्टीवर मुकादम होता. आधी भट्टी बंद पडली, मग क्लॅरी गेला. मागे धुराडं राहिलं, आणि नोरीनपुरतं बोलायचं तर कोंबड्या आणि पेन्सिल.

दर शुक्रवारी सकाळी ती गल्लीतून एक फेरी मारते आणि प्रत्येकाच्या कुंपणाच्या खांबावर अर्धा डझन अंड्यांचं पुठ्ठ्याचं खोकं ठेवते. पैसे कुणी देत नाही, द्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. रविवारपर्यंत रिकामं खोकं तिच्या फाटकावर परत यावं, एवढाच नियम. खोकं परत न करणाऱ्या माणसाबद्दल आमच्याकडे फार चांगलं बोललं जात नाही.

शिसं ही आमच्या गावात बातमी नव्हे. बूट दाराबाहेर काढायचे. फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. उत्तरेचा, म्हणजे भट्टीकडची धूळ आणणारा वारा सुटला की वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे. पावाला लोणी लावावं तितक्या सहज आम्ही हे करतो. त्यामुळे गेल्या ऑगस्टमध्ये बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये अ‍ॅडलेडहून आलेल्या संशोधक बाई बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा निम्मी माणसं चहासाठी आली होती.

त्यांचं म्हणणं पाच मिनिटांत सांगून झालं. परसातल्या कोंबड्या माती उकरतात. मातीतलं शिसं त्यांच्या पोटात जातं, तिथून अंड्यात उतरतं. जुन्या भट्टीच्या बाजूच्या गल्ल्यांतली अंडी त्यांनी तपासली होती. त्या अंड्यांची चव बदलत नाही, वास येत नाही, रंग नेहमीसारखाच असतो. मोठ्या माणसाने अधूनमधून खाल्लं तर ठीक. लहान मुलांना मात्र अजिबात देऊ नका, कारण त्यांच्या डोक्याची अजून घडण चाललेली असते.

"म्हणजे मी एव्हाना नांगर झालो असणार," व्हिन्को बाबिच मागून म्हणाला. तो नोरीनचा लगतचा शेजारी, निवृत्त मच्छीमार. "मला दोरी बांधा आणि होडीवरून खाली सोडा."

"तुझ्या डोक्यात शिसं आहे हे आम्हाला आधीपासून माहीत होतं," समोरच्या घरातली मार्गो हेनिग म्हणाली. "आता शास्त्रज्ञांनीही शिक्का मारला."

हॉल हसला. मग सगळे चहाकडे वळले. टेबलावर अंड्याचे सँडविच मांडलेले होते. क्लबात एरवी तेच आधी संपतात. त्या दिवशी ते ताटलीत जसेच्या तसे राहिले. काकडीचे संपले.

सभेला नोरीन नव्हती. तिची नात टेगन वृद्धाश्रमात सकाळच्या पाळीला असते. तेव्हा कामावर जाताना ती तिची अडीच वर्षांची मुलगी, मेव्ह, नोरीनकडे सोडायची. मेव्ह रोज सकाळी नोरीनच्या पायरीवर बसून एक अंडं खायची. अर्धवट उकडलेलं, टोस्टच्या पट्ट्या बलकात बुडवून. बलक हनुवटीवरून खाली ओघळायचा, तो पुसण्याआधी ती फाटकापर्यंत पळायची. हे गल्लीत सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

त्या शुक्रवारी खांबांवर खोकी आली. नको कुणीच म्हणालं नाही. म्हणायचं तरी काय? नोरीनचं अंडं नाकारणं म्हणजे क्लॅरीला नाकारणं, भट्टीला नाकारणं, या गावात काढलेला सगळा जन्म नाकारणं. रविवारी सगळी खोकी रिकामी परत गेली. पुढच्या रविवारीही गेली.

टेगनच्या कानावर कामावर काहीतरी आलं. तिने आजीला विचारलं, "नॅन, ते अंड्यांचं ऐकलंस का गं?"

"ऐकलं. लग्न झाल्यापासून ऐकतेय. एक वर्षी टोमॅटो, एक वर्षी टाकीचं पाणी. एकदा तर म्हणे समुद्रकिनाऱ्यावर बसू नका." नोरीनने स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे रिकाम्या खोक्यांची चळत होती. "मार्गो पुढच्या रांगेत बसली होती सभेला. काही असतं तर मार्गोने खाल्ली असती? ती दुधाचीसुद्धा तारीख दोनदा वाचते."

टेगनने चळतीकडे पाहिलं. तिला ते पटलं. मेव्हच्या कपाळाचा मुका घेऊन ती कामावर गेली.

अंडी कचऱ्याच्या डब्यात टाकता येत नव्हती. सीगल पिशव्या फाडतात आणि कवचं रस्ताभर करतात. नोरीन सकाळी त्याच रस्त्याने चालते, आणि कवचावर तिचं अक्षर असतं. म्हणून अंडी मातीत गेली. कुणी गुलाबाखाली पुरली, कुणी शेडच्या मागे. पडदे ओढून बसलेल्या गल्लीत प्रत्येकाला वाटत होतं, हे आपण एकटेच करतोय.

वसंतात, म्हणजे आमच्याकडे सप्टेंबरपासून, कोंबड्या भरपूर घालतात. नोरीनने खोकी मोठी केली, डझनाची.

जानेवारीत आमच्याकडचा उन्हाळा आला. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश. दुपारी गल्ली पांढरीफटक पडते, कुत्री घरांखाली शिरतात, धुराड्याची सावली पायाशी गोळा होते. अशाच एका दुपारी पहिला आवाज झाला. जाड गादीखाली कुणीतरी मूठ आपटावी तसा. मार्गो सिंकपाशी उभी होती. तिने नळ बंद केला आणि ऐकत राहिली. काही वेळाने पुन्हा एक, या वेळी रस्त्यापलीकडून. तिच्या गुलाबाच्या वाफ्यातली माती अंगठ्याएवढी वर उचलली गेली आणि खचली.

मग वास आला. नगरपालिकेचा माणूस आला, गटारांची झाकणं उघडून पाहून गेला. गटार कोरडं होतं. आम्ही सगळे त्याच्याबरोबर वाकून वाकून पाहत होतो. व्हिन्कोने त्याला थंड बिअरही दिली.

त्याच आठवड्यात नोरीनच्या पायपुसण्यावर एक अंडं आलं.

अख्खं, मातीने माखलेलं, हाताला गार. तिने ते नळाखाली धरलं. पेन्सिलीची तारीख अजून दिसत होती. डिसेंबरातली. अक्षर तिचंच.

दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग दोन दिवस काही नाही. मग पुन्हा. तारखा मागे मागे जात होत्या. नोव्हेंबर. ऑक्टोबर. तिने वाटून टाकलेली अंडी एकेक करून घरी येत होती, जणू कुणीतरी पलीकडून वर्ष उलटं गुंडाळत आणत होतं.

नोरीन भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तिने लगेच जे ओळखलं ते तिला भुतापेक्षा वाईट होतं. तिच्या आईचं डोकं असंच गेलं होतं. आई बूट ओव्हनमध्ये ठेवायची आणि कुणी ठेवले म्हणून विचारायची. 'अंडी मीच कुठेतरी पुरते,' नोरीनने ठरवून टाकलं, 'मीच उकरते, मीच पायपुसण्यावर ठेवते, आणि विसरते.' तिने ती अंडी कपडे धुण्याच्या खोलीत झाकणाच्या बादलीत लपवली. कुणाला बोलली नाही. टेगनला कळलं असतं तर मेव्हचं येणं बंद झालं असतं. हे सगळं नोरीनने मला नंतर सांगितलं, तिच्या स्वयंपाकघरात, आवाज न चढवता.

ती स्वतःवर पाळत ठेवू लागली. नखं तपासायची, माती आहे का. आणि मेव्हसाठी रोज सकाळी अंडं उकडायची, त्यात तरी चूक होऊ नये म्हणून तारीख मोठ्याने वाचून.

एका दुपारी मेव्ह आत झोपली होती आणि नोरीन जाळीच्या दारामागे खुर्चीवर बसली होती. बाहेर काहीच हलत नव्हतं. कुंपणाची सैल फळी बाजूला सरकली आणि व्हिन्कोचा कुत्रा, जॉक, आत आला. मान ताठ, जबडा किंचित उघडा. तो पायरी चढला, पायपुसण्यावर अंडं अलगद ठेवलं आणि जाळीकडे बघत बसून राहिला. शाबासकीची वाट बघत.

तिनेच शिकवलं होतं. जॉक पिल्लू होता तेव्हा तिच्या कोंबड्या झुडपांखाली कुठेही अंडी घालायच्या, आणि ती शोधून न फोडता आणायला तिने त्याला शिकवलं होतं. नोरीनला हसू आलं. डोकं ठिकाणावर होतं! ती सांगते, तेवढा क्षण फार चांगला गेला.

मग तिने अंडं उचललं. सप्टेंबर.

तिने झोपलेल्या मेव्हला कडेवर घेतलं, टोपी घातली आणि कुत्र्यामागून व्हिन्कोच्या परसात गेली. शेडमागे माती उकरलेली होती. तिने बुटाच्या टोकाने ती बाजूला केली. खाली अंडी होती, जवळजवळ, एकावर एक. काही उष्म्याने सडून फुटलेली, काही काळपट. बहुतेकांवर तिचं अक्षर.

मेव्ह जागी झाली. "अंडं!" ती म्हणाली आणि हात पुढे केला.

व्हिन्को बनियनवर बाहेर आला आणि थांबला.

"हे काय आहे, व्हिन्को?"

"खत."

"तारीख घातलेलं?"

त्याने टक्कल चोळलं. "नोरीन, उन्हात उभी राहू नकोस. आत ये, पाणी घे."

"मार्गो?"

"मार्गोचं मला काय माहीत?" मग तो म्हणाला, "तिच्या गुलाबांना यंदा फार वास येतोय."

"सगळे?"

व्हिन्कोने गल्लीतल्या बाकीच्या कुंपणांकडे पाहिलं.

"सभेत खरंच सांगितलं होतं ते? मुलांचं?"

"सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंस? बत्तीस वर्षं शेजारी राहतोस. माझ्या छपरावर दुरुस्तीला चढतोस, मला न विचारता."

"कुणीतरी सांगितलं असेल असं वाटलं."

"आणि खोकी?"

"खोकी तर परत द्यायला हवीत ना," व्हिन्को म्हणाला.

नोरीनने मेव्हला दुसऱ्या कडेवर घेतलं. "ही रोज खाते. माझ्या पायरीवर. तू कुंपणावरून हिला हात करतोस. तुझ्या डोळ्यांसमोर खाते."

"हिची आई शिकलेली आहे. आजाऱ्यांत काम करते. तिला कळत असेल असं..."

त्यांच्या पायाखाली, जरा डावीकडे, मूठ आपटल्यासारखा आवाज झाला. जॉकने कान टवकारले. मेव्ह हसली आणि म्हणाली, "पुन्हा."

मेव्हच्या बोटातून रक्त काढलं गेलं. आकडा असायला हवा त्यापेक्षा वर आला. किती वर, ते सांगायचा अधिकार टेगनचा आहे. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या की खाणं थांबवलं की तो उतरतो. लोहाचं औषध द्या, हात धुवा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. डोक्याचं आधी जे नुकसान झालं असेल ते भरून येतं का, हा प्रश्न टेगनने विचारला. नर्सबाई म्हणाल्या, इतक्या लहान वयात सांगता येत नाही, वाट बघायची.

"मी ती खोकी बघितली होती, नॅन," टेगन एवढंच म्हणाली. ती आता मेव्हला कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरात ठेवते. नोरीनकडे रविवारी आणते, आणि येताना डबा घेऊन येते.

नोरीन कुणाशी भांडली नाही. मार्गो केक घेऊन गेली होती. नोरीनने दार उघडलं, केक घेतला, आभार मानले, दार लावलं. कोंबड्या मारून टाकायला व्हिन्को मदत करतो म्हणाला. "त्यांनी काय केलंय?" तिने विचारलं. तो परत आला आणि त्याने जॉकला साखळीला बांधलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी आमच्या खांबांवर खोकी होती.

मार्गोने आपलं उचललं आणि तिथेच उभी राहिली. समोरून व्हिन्कोने आपलं उचललं. त्यात काही नव्हतं. पुठ्ठ्याचे खळगे ओल्या फडक्याने पुसलेले होते, आमच्याकडे फरशी पुसतात तसे.

"आता काय करायचं?" मार्गोने रस्त्यापलीकडून विचारलं.

"रविवारी परत द्यायचं," व्हिन्को म्हणाला. "दुसरं काय?"

आता मार्च संपत आला आहे. मेव्हची दुसरी तपासणी इस्टरनंतर आहे. कोंबड्या रोज घालतात, त्यांचा ओरडा गल्लीत ऐकू येतो. त्या अंड्यांचं नोरीन काय करते ते कुणी विचारलेलं नाही. दुपारी कधीकधी अजून कुठेतरी जमिनीखाली आवाज होतो. शुक्रवारी रिकामं खोकं येतं, रविवारी रिकामं परत जातं, आणि एकाचंही अजून चुकलेलं नाही. गेल्या शुक्रवारी उत्तरेचा वारा होता. माझ्या खांबावरचं खोकं उडून रस्त्यावर गेलं आणि मी अनवाणी त्याच्यामागे पळालो. चौथ्या घरापाशी सापडलं. धूळ झटकून, पुसून घरात आणलं. रविवारी ते द्यायचं होतं.