पाणी न चालणारा देव

सोमवारी मुरुमला गेले होते. तिथं जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही… ज्यांच्या घरचं आहे त्या काकूंना विचारूनच इथं लिहितेय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगते, उमरग्यात आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. शाळेत जायच्या आधी मी अप्पांकडून, म्हणजे वडिलांकडून, मशीन पुसायला शिकले. एक थेंब तेल, मऊ चिंधी, आणि पाण्याचा हात लावायचा नाही. अप्पांचा दुसरा नियम… अपुरी मशीन गिऱ्हाइकाला द्यायची नाही.

मागच्या महिन्यात मुरुमच्या सुमित्राकाकूंनी त्यांच्या सासूबाईंची मशीन पाठवली. निजामाच्या काळातली, हातानं फिरवायची. सोनेरी वेलबुट्टी कुठं कुठं शिल्लक, बाकी नुसता गंज. सासूबाईंना घरात सगळे अव्वा म्हणायचे. याच मशीनवर त्या गावातल्या बायकांच्या चोळ्या शिवायच्या.

काकूंची लेक बाळंतपणाला माहेरी आलीय. पहिली नात, गुरुवारी बारसं… आणि तिची कुंची अव्वांच्या मशीनवरच शिवायची, हा काकूंचा हट्ट.

रॉकेलमध्ये भिजवून, घासून घासून चाक एकदाचं फिरलं. पण आत शटलच नव्हतं! खालचा दोरा ज्यात असतो तो भाग. या जुन्या मशीनचं शटल लांबट असतं, बंदुकीच्या गोळीसारखं. ते नसलं की सुई नुसती वरखाली होते, टीप बसत नाही.

सोलापूरच्या जुन्या बाजारात शोधलं, ओळखीच्या कारागिरांना फोटो पाठवले. दुसऱ्या मशीनचं घालून पाहिलं तर दोरा तुटायचा. "जमणार नाही" हे सांगायची मला फार भीती वाटते… शेवटी मशीन घेऊन मुरुमलाच गेले. अव्वांच्या जुन्या डब्यात कुठं पडलं असेल तर बघू म्हटलं.

काकूंनी सगळे डबे उपसले. बटणं, हुक, गंजलेल्या सुया… शटल नाही.

"त्या लोकांनीच काडून घेतलं असंल," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं, गावात बंदूकवाले हिंडायचे. त्यांना आपले कपडे शिवून घ्यायचे होते, म्हणून अव्वांची मशीन उचलून नेली. "पर चार दिसांत येशीपाशी आपटून गेले बग. बिगडकी हाय म्हनले. एवढं सांगून अव्वा लई हसायच्या. फुडचं काय बोलायच्या न्हाईत."

तेवढ्यात काकू एकदम ओरडल्या. नवी सून देव धूत होती. "अगं, त्याला पानी न्हाय! त्याला निस्तं तेल!"

"का हो काकू?" मी सहज विचारलं.

"अव्वांनी घालून दिलंय. म्या नवी नवरी असताना हात धरून शिकवलं. हा देव पान्यात घालायचा न्हाय. एक थेंब तेल आन् मऊ चिंधी."

मी उठून देव्हाऱ्याजवळ गेले. देवांच्या चांदीच्या टाकांशेजारी, हळदीकुंकवानं माखलेला, लांबट, एका बाजूनं टोकदार देव… बंदुकीच्या गोळीसारखा.

अंगणात जाऊन अप्पांना फोन लावला. "अप्पा, शटल सापडलं. पण तो देव आहे…"

अप्पांनी आधी एवढंच विचारलं, "हात लावलास का?"

"नाही."

"मग आधी सांग त्यांना. दिलं तरच घे."

एका घराचा देव मी काढून घेतेय का? गप्प बसून परत जाता आलं असतं… खरंच जाता आलं असतं. पण मला खोटं बोलून जेवण जात नाही. आत गेले आणि सांगून टाकलं. कोणत्या शब्दांत, ते आठवत नाही.

काकूंनी देव्हाऱ्याकडं वळून पाहिलं. "म्हंजे… लगीन होऊन आल्यापास्नं म्या मशीनच्या पार्टाला निवद दावतेय व्हय?"

सुनेनं पदर तोंडाला लावला. काकूही हसायला लागल्या, आणि हसता हसताच खाली बसल्या. "अव्वा… काय बाई ही!"

मग काय घडलं असेल ते आम्हा तिघींच्या ध्यानात आलं. दारात बंदुका, आणि या बाईनं शटल काढून देवांत ठेवलं, वर कुंकू लावलं. सापडलं असतं तर? नंतर परत का बसवलं नाही… मशीन आपटल्यानं अडकली होती म्हणून, की भीती गेलीच नव्हती म्हणून? आता विचारायचं कुणाला?

पण गंजू मात्र दिलं नाही. स्वतः गेल्यावरही गंजू नये, याची सोय करून गेली.

काकूंनी हात जोडले, कुंकू आपल्या हातानं पुसलं आणि शटल माझ्या तळहातावर ठेवलं. सगळ्या मशीनमध्ये तेवढाच एक भाग लखलखीत. आत बॉबिन होती, आणि बॉबिनवर अव्वांचा दोरा… तेल पिऊन काळा झालेला.

तो दोरा उतरवून आम्ही देव्हाऱ्यात ठेवला. नवा भरला, शटल बसवलं, काकूंनी चाक फिरवलं. टीप बसली. मला रडू आवरेना.

गुरुवारी बारशाला गेले तेव्हा बाळाच्या डोक्यावर लाल कुंची होती आणि मशीनमध्ये शटल नव्हतं. काकूंनी ते तेल लावून परत देवांत ठेवलं होतं. "काम आसलं की येतील. तवर ऱ्हाऊ देत आपल्या जाग्यावर," म्हणाल्या.

आमच्या दुकानातून दिलेली ही पहिली अपुरी मशीन. घरी येऊन भीत भीत अप्पांना सांगितलं… अप्पांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "असू दे. पुरी आहे ती."