एका मशीनवर चार फवारण्या

कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं की आतून जेवढी धूळ निघते, त्याहून जास्त किस्से निघतात. धूळ ब्लोअरने उडवता येते, किस्से नाही उडत! गंगापूर रोडला माझं दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, तेव्हा नाशकात घरोघरी नुकते पीसी येत होते. व्हायरसची दहशत अशी, की एक आजी नातवाला हात धुतल्याशिवाय कीबोर्डला शिवू द्यायच्या नाहीत.

त्यात मासिकांबरोबर फुकट सीड्या यायच्या आणि सीडीत अँटिव्हायरस असायचे. फुकटचं सोडायचं कसं? लोक एकावर एक टाकत सुटायचे. दोन अँटिव्हायरस एका घरात आले की एकमेकांनाच व्हायरस समजून पकडतात आणि मालकाचं मशीन ठप्प होतं, हे सांगून सांगून माझा घसा बसला. कुणी ऐकलं असेल तर शपथ!

*

कुलकर्णी काका बँकेतून निवृत्त झालेले. फोनवर म्हणाले, "मशीन जरा सावकाश चालतंय."

जरा? काकांनी माझ्यासमोर बटण दाबलं, आंघोळीला गेले, देवपूजा आटोपली, मला चहा आणून दिला, तेव्हा कुठे स्क्रीनवरचा बाण हलला! खाली घड्याळाशेजारी तीन अँटिव्हायरसची चित्रं. एक काकांनी टाकलेलं, एक मुलाने, एक जावयाने.

"काका, यातले दोन काढावे लागतील."

काकांनी खोलीचं दार लोटलं. "माझं काढा. मुलाचंही काढा. जावयांचं मात्र राहू द्या."

नेमकी जावयांच्याच अँटिव्हायरसची मुदत संपलेली! ते ऐकून काकांचा चेहरा पडला. थोडा विचार करून म्हणाले, "मग असं करा, आतलं काढा, पण ते चित्र तेवढं ठेवा. दिवाळीला आले की आधी तिकडेच बघतात."

*

आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या घरच्या मशीनवर दोन निघाले. शिकलेला माणूस! मी कपाळावर हात मारला.

"डॉक्टर, दोन डॉक्टरांची औषधं एकदम घेतलेली चालतात का हो?"

"मुळीच नाही! रिअ‍ॅक्शन येईल."

"मग हे काय?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मी इथे पेशंट आहे. पेशंट कधी ऐकतो का?"

*

शेजारच्या वैदेहीकडे सत्यनारायण होता. पूजा हॉलमध्ये, कॉम्प्युटरही हॉलमध्येच, चालू आणि वर क्रोशाचा रुमाल. कथेचा तिसरा अध्याय रंगात आला आणि रुमालाखालून सायरन वाजला! पाठोपाठ एक बाई इंग्रजीत ओरडायला लागली. दोन अँटिव्हायरस एकदम जागे झाले होते. निम्मी मंडळी गॅस बंद करायला धावली, वैदेहीच्या सासूबाई रामरक्षा म्हणू लागल्या.

मी वायर उपटली. गुरुजी पोथीत बोट ठेवून माझ्याकडे बघत होते. आता चांगलंच ऐकावं लागणार, असं वाटलं. गुरुजींनी मला जवळ बोलावलं. "कुठले आहेत हो हे? माझ्याकडेही दोन आहेत, पण आवाज करत नाहीत!"

*

पण या सगळ्यांचे गुरू म्हणजे नाना. दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार. मुलगी वैशाली कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, तिच्यासाठी पीसी घेतलेला. एकदा तो पिकअपमध्ये द्राक्षाच्या क्रेटमध्ये, गोधडीत गुंडाळून घेऊन आले.

उघडून बघते तर चार! एका मशीनवर चार अँटिव्हायरस मी जन्मात पाहिले नव्हते.

"नाना, अहो चार कशाला?"

"ताई, बागंला सगळ्या रोगांवर एकच औषध मारून भागतं का? डावणीला एक, भुरीला एक, करप्याला एक."

"आणि चौथं?"

"पाऊस आलाच तर!"

मी तीन काढले, एक ठेवला. नानांनी मान डोलावली. महिन्याभरात तेच मशीन, तीच गोधडी, पुन्हा चार!

*

मग आली वैशालीची तोंडी परीक्षा. तिने प्रोजेक्ट म्हणून स्वतःचा अँटिव्हायरस लिहिला होता. वर्षभराची मेहनत. परीक्षेच्या आदल्या दुपारी दोघं दुकानात आली. वैशालीचे डोळे रडून सुजलेले.

"मॅडम, माझा प्रोग्रामच नाही कुठे! गेला तर माझं वर्ष गेलं."

शोधता शोधता नानांच्या भुरीवाल्या अँटिव्हायरसने तो व्हायरस समजून कोंडून ठेवलेला सापडला. सोडवला, आणि पुन्हा कुणी गिळू नये म्हणून सीडीवर घातला. वैशाली हसली. या वेळी मी चारही अँटिव्हायरस मुळापासून काढले.

"नाना, आता मशीन अगदी स्वच्छ आहे. उद्यापर्यंत काही टाकायचं नाही. पोरीच्या वर्षाचा प्रश्न आहे!"

"नाय टाकत. तुमची शपथ."

कॉलेजच्या मशीनवर तिचा प्रोग्राम चालेना, म्हणून घरचंच मशीन न्यायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी माझं कामात लक्ष लागेना. संध्याकाळी वैशालीचा फोन आला.

"मॅडम, पास झाले! मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागला की बाहेरून आलेल्या सरांचा चहा पिऊन झाला. मग म्हणाले, दाखव तुझा प्रोग्राम काय पकडतो ते. मी सीडी लावली, स्कॅन सुरू केला. त्यांच्यासमोर व्हायरस सापडले! चार! सर एकदम खूश!"

मी उडालेच. "चार? अगं, मी मशीन धुऊनपुसून दिलं होतं! चार व्हायरस आले कुठून?"

पलीकडे जरा खुडबुड झाली. नानांनी फोन घेतला.

"ताई, रागावू नका. सकाळी चारी परत टाकली. लेकीची परीक्षा, बिनफवारणीचं कसं पाठवायचं हो?"