मशीनमधली मराठी रांग

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. अनिरुद्धला नाही — आणि नवऱ्यापासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काहीही नाही. गौरीला, माझ्या मुलीला, तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये राहत नाही. आणि आधीच बजावून ठेवते — मान खाली घालून सांगणाऱ्यांतली मी नव्हे. मी जिंकले होते. कशी जिंकले, एवढंच सांगायचं राहून गेलंय.

आम्ही कोलकात्यात, सॉल्ट लेकमध्ये राहतो. अनिरुद्धच्या बँकेने आम्हाला नागपूरहून इथे आणून टाकलं तेव्हा गौरी रांगत होती. तीन वर्षांत परत जायचं म्हणून आम्ही पडदेसुद्धा स्वस्तातले घेतले. मग मला सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी लागली, गौरीची शाळा सुरू झाली, आणि ते पडदे विरून नवे घेतले तरी आम्ही इथेच.

एका वर्षी आमच्या कॉम्प्लेक्सच्या गेटपाशी, औषधाच्या दुकानाला लागून, सिनेमे भाड्याने देणारं मशीन आलं. आता तिथे पार्सलं ठेवायचं कपाट आहे. पण तेव्हा घरोघरी डीव्हीडी प्लेअर होते, आणि त्या लाल मशीनभोवती पोरंटोरं, काकू, आजोबा सगळे जमायचे. स्क्रीनवर बोट ठेवा, सिनेमा निवडा, फटीतून डबी बाहेर. बघून झाला की त्याच फटीत परत. बाजारातल्या सीडीवाल्याकडे जायला नको, त्याची दुपारची झोप सांभाळायला नको, आपण काय नेतोय हे बघून त्याने भुवया उंचवायला नको. मला फार आवडलं ते मशीन.

तोटे होतेच. ओल्या बोटाला मशीन दाद देत नसे. कधी डबीतून ओरखडे पडलेली डीव्हीडी निघे, आणि नायिका ऐन रडताना तोंड उघडं ठेवून अडकून बसे. तक्रार करावी तर हेल्पलाइनवर नुसतं गाणं वाजे. पण खरा तोटा वेगळा होता, आणि तो माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आला नाही. बाजारातल्या सीडीवाल्याला माहीत असायचं, कुणाला काय आवडतं, कोण का मागतंय. मशीनला माणसं कळत नव्हती. मशीनला फक्त मागणी मोजता येत होती.

म्हणजे असं — हवा तो सिनेमा मशीनमध्ये नसला, तर त्याचं नाव टाकून ‘मला हवा आहे’ हे बटण दाबायचं. त्याला पैसे पडत नसत. महिन्याकाठी कंपनीची गाडी यायची. ज्या सिनेमाला बऱ्यापैकी मागण्या, तो आत जायचा. आणि आत जागा मोजकी, म्हणून ज्याला कुणी फारसं नेत नाही, तो बाहेर. साधा हिशेब. आपल्या फ्लॅटचा नंबर आणि चार आकडी गुप्त नंबर टाकला की मशीन तुम्हाला ओळखायचं. हे गुप्त नंबर आमच्या बिल्डिंगमध्ये लावून कुणी दिले? मी. सोसायटीने मदतीला कोण येतं विचारलं, आणि मी हौसेने पुढे झाले. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी विसरू नये म्हणून मी सगळ्यांचा नंबर एकच ठेवला — एक, दोन, तीन, चार. देवाशपथ सांगते, तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं.

आता मासिमांबद्दल सांगायला हवं. बंगालीत मावशीला मासिमा म्हणतात, आणि मावशीच्या वयाच्या कुठल्याही बाईला. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहायच्या. यजमान गेलेले, मुलगा हैदराबादला, गुडघे दुखरे. मी ऑफिसातून परत येईपर्यंत गौरी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे असायची. एक पैसा घेतला नाही त्या बाईने कधी. उलट गौरीला भात भरवायचा, केस विंचरून द्यायचे, आणि मग दोघींनी मुडी — म्हणजे आपले मुरमुरे — खात जुना बंगाली सिनेमा बघायचा. गौरी खाली जाऊन मशीनमधून डबी घेऊन यायची. जुन्या बंगाली सिनेमांची एक अख्खी रांग होती स्क्रीनवर. ती बहुतेक मासिमांच्याच जिवावर चालत होती.

मला याचा राग यायचा. हे कसं सांगू? माझ्या पोरीला कुणी इतकं जपावं आणि मला राग यावा? पण यायचा. गौरी झोपेत बंगाली बोलायची. मला ‘मा’ म्हणायची, आई नाही. मराठी बोललीच तर ‘मी पाणी खाल्लं’ म्हणायची, कारण बंगालीत पाणी खातात. आम्ही हसायचो. इथल्या मराठी मंडळातल्या बायकाही हसायच्या, आणि ते हसणं माझ्या डोक्यात जायचं.

एका रविवारी नागपूरहून आईचा फोन आला. तिने नेहमीसारखं गौरीशी बोलायला मागितलं. शाळा काय म्हणते, जेवलीस काय, नवीन फ्रॉक आवडला का. गौरी नुसती ‘हं’ म्हणत होती. फोन माझ्या हातात आला तेव्हा आई हळूच म्हणाली, ‘‘तिला नको गं त्रास देत जाऊ. तिला काही कळत नाही माझं. मी आपली तुझ्याशीच बोलत जाईन.’’

आईचा आवाज साधा होता. रुसवा नाही, टोमणा नाही. तिने नात सोडून दिली होती, बस. आणि त्याच दिवशी मी ठरवलं.

तुम्ही कधी शनिवारी दुपारी कोलकात्यात हिंडला आहात का? मासे-भात जेवून अख्खं गाव झोपतं. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये कुत्रंसुद्धा जागं नसायचं. अशा दुपारी मी खाली उतरले, मशीनपुढे उभी राहिले, आणि बिल्डिंगमधल्या एकेका फ्लॅटचा नंबर टाकत गेले. एक, दोन, तीन, चार. मराठी सिनेमाचं नाव. मला हवा आहे. पुढचा फ्लॅट. घोषांच्या फ्लॅटला मराठी सिनेमा हवा होता. सेनगुप्तांना हवा होता. बंगालीखेरीज कशाला तोंड न लावणाऱ्या त्या रिटायर्ड प्रोफेसरांनाही हवा होता. आणि हो — मासिमांच्या फ्लॅटवरूनही मी बटण दाबलं. वगळता आला असता तो एक फ्लॅट. नाही वगळला.

काय बाहेर जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. नवे हिंदी सिनेमे रोज फिरायचे, त्यांना धक्का लागणार नव्हता. जाणार होती ती एकच रांग. नुसती मराठी आत यावी एवढंच मला हवं होतं, असं म्हणून मी सुटू शकते. पण खरं सांगायचं तर ती रांग जावी, हेही मला तितकंच हवं होतं.

गाडी आली. पुढच्या महिन्यात पुन्हा आली. आणि कोलकात्यात, सॉल्ट लेकमध्ये, औषधाच्या दुकानाशेजारी, त्या मशीनच्या स्क्रीनवर ‘मराठी’ अशी रांग उमटली. मी नाचायची बाकी राहिले होते. आमच्या मराठी मंडळात बातमी पोचायला कितीसा वेळ? कंपनीच्या मागे लागले होते, एवढंच मी तिथे सांगितलं. गणपतीत अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, की कोलकात्यातल्या मराठी माणसाची दखल आता कंपन्यांनाही घ्यावी लागते, आणि याच्या पाठपुराव्याचं श्रेय आपल्या वहिनींना. टाळ्या पडल्या. नारळ दिला मला. गौरीच्या ‘पाणी खाल्लं’ला हसणाऱ्या बायका पहिल्या ओळीत बसल्या होत्या. मी त्यांच्या नाकावर टिच्चून तो नारळ घेतला, आणि घरी येऊन त्याच्या वड्या केल्या.

मासिमांची जुनी बंगाली रांग मशीनमधून गेली होती. ‘त्या लोकांनी काढून टाकले वाटतं,’ एवढंच म्हणाल्या. मग एके दिवशी गौरीला म्हणाल्या, तुमच्या भाषेतला आण, बघू या. आणि पुढे जे झालं, ते मी योजलेलं नव्हतं. मी योजलं होतं त्याहून कितीतरी सरस झालं. त्या डीव्हीडींवर खाली अक्षरं येत नसत. त्यामुळे कोण काय म्हणतंय, हे मासिमांना कुणीतरी सांगायला हवं. कोण सांगणार? गौरीच. आणि तिलाच निम्मं कळायचं नाही. मग रोज संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत ती दारात — आई, ‘लाडीगोडी’ म्हणजे काय? ‘उगाच’ला बंगालीत काय म्हणू? तो बाईला ‘अहो’ का म्हणाला? मासिमांना उत्तर देणं भाग होतं ना तिला! जी पोर माझ्याकडून वर्षानुवर्षं एक शब्द शिकली नाही, ती मासिमांसाठी अख्खी भाषा शिकली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रविवारच्या फोनला माझा नंबरच लागेना. आजी आणि नात बोलत बसायच्या आणि मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. त्या पोळ्यांसारख्या पोळ्या मी पुन्हा कधी केल्या नाहीत.

आज गौरी नागपूरला कॉलेजात आहे, आजीकडेच राहते. आईची तक्रार आहे की पोरगी फार बोलते, दुपारची पाठ टेकू देत नाही. सांगा, हरले का मी?

पण मी इथे थांबले, तर तुम्हाला फसवलं असं होईल. नंबर चोरले, मागण्या खोट्या केल्या — हे तर मी कदाचित मंडळातसुद्धा सांगितलं असतं कधीतरी, लोक हसले असते. मला सांगायचंय ते हे नव्हे. ते इथून पुढे आहे.

मराठी रांग स्थिरावल्यावर एका संध्याकाळी मासिमांनी मला हाक मारली. म्हणाल्या, तुला त्या मशीनचं कळतं, मला मागायला शिकव. त्यांना एकच सिनेमा हवा होता. लग्नानंतर यजमानांनी श्यामबाजारला नेऊन दाखवलेला पहिला. तो आधी मशीनमध्ये होता. त्या आणि गौरी अधूनमधून तोच तोच आणायच्या. गौरीला एवढं ओझं नको, आपलं मागणं आपण मागावं, असं काहीतरी त्या म्हणाल्या. मी त्यांना लिफ्टने खाली घेऊन गेले. त्यांनी पदराला बोट पुसलं. फ्लॅटचा नंबर टाकला, एक-दोन-तीन-चार टाकलं. आणि स्क्रीनवर आलं — तुमच्या आधीच्या मागण्या. खाली ओळीने सगळी मराठी नावं.

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. मासिमांनी चष्मा सारखा केला, नावं वाचली, आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘‘गौरी चेयेछे बुझि? भालो कोरेछे,’’ म्हणाल्या — गौरीने मागितले वाटतं, छान केलं. मी मान डोलावली. कशी सहज डोलली माझी मान!

मग त्यांनी आपल्या सिनेमाचं नाव एकेक अक्षर शोधून टाकलं. बटण दाबलं. माझ्याकडे वळून विचारलं, किती जणांनी मागितला की आणतात? मला ठाऊक होतं. एकीने मागून चालत नाही, हे मला त्या गाडीवाल्याहूनही चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, माहीत नाही, मासिमा. येईल बहुतेक.

पुढचा शनिवार आला. बिल्डिंग जेवून झोपली. मी खाली गेले, मशीनपुढे उभी राहिले. मासिमांचं काम किती वेळाचं होतं? पंखा लावून चहा गार करावा, तेवढ्या वेळाचं. सगळे फ्लॅट माझ्या बोटावर होते. पण त्यांचा एक आत आला की आमचा एक बाहेर जाणार होता. आमचा एक गेला असता तर काय बिघडणार होतं? काही नाही. पोर तर बोलायला लागलीच होती. मी घोषांचा नंबर टाकला, सेनगुप्तांचा टाकला, प्रोफेसरांचा टाकला, आणि सगळ्यांच्या नावावर दोन नवे मराठी सिनेमे मागितले. विसरले नाही, घाबरले नाही. मला तिळभरही परत द्यायचं नव्हतं.

मासिमांचा सिनेमा आला नाही. त्या दर गाडीनंतर गौरीला बघून यायला सांगायच्या. वर्षभराने मुलगा त्यांना हैदराबादला घेऊन गेला. तिथेच त्या गेल्या. तो सिनेमा त्यांना तिकडे कुठे मिळाला का, मी कधी विचारलं नाही.

आमचे मात्र दोन्ही पुढच्याच गाडीने आले होते. गाडी गेली त्याच संध्याकाळी मी एक घेऊन वर गेले. तिघी बसलो मासिमांच्या घरी — मधे मासिमा, एका बाजूला गौरी, एका बाजूला मी. सिनेमा विनोदी होता. गौरी भरभर सांगत होती, एकदाही न अडखळता, आणि ती सांगेल तिथे मासिमा हसत होत्या. मीही हसत होते. आणि खोटं कशाला बोलू — त्या संध्याकाळी मी फार आनंदात होते.