रविवारी न उलटलेलं पान

आमच्या लेउनिसला गावात सगळे भला माणूस म्हणतात. एकोणतीस वर्षं संसार केल्यावर मीही म्हणते, फक्त जरा हळू आवाजात.

बांधाजवळच्या छोट्या पंपाची देखरेख त्याच्याकडे आहे. शेतांतलं पाणी उपसून कालव्यात टाकायचं, एवढंच त्या पंपाचं काम. तिथे एक रेडिओ मोडेम बसवलाय. तो दर पंधरा मिनिटांनी आमच्या बैठकीतल्या संगणकाला खबर देतो. पहिल्या पानावर स्वतःची: वीज किती व्होल्ट मिळते, पेटी किती तापली, सिग्नल कसा आहे. दुसऱ्या पानावर पंप आणि पाण्याची पातळी. पहिलं पान कायम हिरवंगार, म्हणून लेउनिसचा जीव त्याच्यावर. आल्यागेल्याला दाखवतो. "बारा पूर्णांक चार व्होल्ट!" म्हणतो, जणू ती वीज त्याच्याच अंगातून निघते.

रविवारी आमच्याकडे काम नसतं. बटाटेसुद्धा मी शनिवारी सोलून ठेवते, आणि ते मला मनापासून पटतं. देवाचा दिवस देवाला. लेउनिसने त्यात आपली भर घातली: संगणकाकडे बघायला हरकत नाही, पण बटण दाबणं म्हणजे काम. पंप थांबला की वाजणारी धोक्याची घंटाही तो शनिवारीच बंद करतो, स्तोत्र म्हणताना वाजायला नको. कॉफीच्या यंत्राचं बटण या नियमातून कसं सुटलं, ते मी विचारलं नाही.

गेल्या शनिवारी दुपारपासून पाऊस लागला. लेउनिसने नेहमीसारखं पहिलं पान उघडं ठेवलं. रविवारी सकाळी चर्चमधल्या उपासनेहून आम्ही परतलो, तर मागोमाग त्याची भावजय पीटरनेला आली. काळा पोशाख, बुटांना चिखल. लेउनिसचा भाऊ गेल्यापासून शेत तीच बघते. सगळ्यांत सखल तुकडा तिचा, आणि यंदा त्यात कांदा.

"भाऊजी, ओळींमध्ये पाणी उभं आहे. उद्यापर्यंत असंच राहिलं तर कांदा गेला."

"काळजी नको, वहिनी. मोडेम ठणठणीत आहे. हे बघा, एकोणीस अंश!"

"असेल. मी मोडेम पेरलेला नाही. पंप चालू आहे का?"

"ते पुढच्या पानावर. उद्या सकाळी बघू."

"उद्या?"

"आज रविवार. गाढव विहिरीत पडलं तर देवाच्या दिवशीही काढावं, असं बायबलमध्ये आहे, मान्य. पण आधी गाढव पडलेलं दिसू तर द्या!"

"ते पुढच्या पानावर पडलंय, आणि पान तुम्ही उलटणार नाही."

मला राहवेना. म्हटलं, "आपल्या मंडळीतही असे आहेत. शेजाऱ्याचं काय विचारलं, तर स्वतःची तब्येत सांगतात."

लेउनिसला ते ऐकू आलं नाही. पीटरनेलाने प्रवचन ऐकताना तोंडात टाकलेली पेपरमिंटची गोळी या गालातून त्या गालात सरकवली, हातमोजा काढला आणि बटण दाबलं.

पान लालभडक. पंप बंद, शनिवार संध्याकाळ, सात वाजून दहा मिनिटांपासून.

"वहिनी! रविवारी!"

"पाप माझ्या नावावर घाला. दिसलं का गाढव?"

लेउनिसने पान दोनदा वाचलं. मग चांगला कोट उतरवला आणि सायकल काढली. पंपाच्या जाळीत पाणगवत अडकलं होतं. ते उपसून पंप सुरू करेपर्यंत दुपारची उपासना चुकली. कांदा बहुतेक वाचला. बांधाकडच्या चार ओळी गेल्या. मोडेम दिवसभर ठणठणीत होता.

लेउनिस दुपारी दिसला नाही म्हणून संध्याकाळी चर्चच्या कारभारी मंडळातले एक वडीलधारे चौकशीला आले.

"गरज पडली म्हणता, लेउनिस. पण कळलं कसं?"

"पान उलटलेलं होतं," लेउनिस म्हणाला.

कोणी उलटलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. पीटरनेला कॉफी ओतत होती. तिने लेउनिसचा कप त्याच्या उत्तरासारखाच अर्धा भरला.

आज पुन्हा शनिवार. आभाळ भरलंय. लेउनिसने कोणाला न सांगता दुसरं पान उघडं ठेवलंय. घंटा मात्र बंद केली. तो दाढी करायला गेला, तेव्हा मी ती चालू केली. अजून शनिवारच आहे.